वेदना सांगणे आणि सब्र

गुडघ्याचा सांधा बदलून दोन वर्षे उलटली तरी दुखणे संपलेले नाही, अशी एखादी वडीलधारी व्यक्ती आपल्याही घरात असेल. "एवढा खर्च करून नवा गुडघा बसवला, मग अजून का दुखतो?" असे कोणीतरी सहज विचारतो आणि त्या दिवसापासून ती व्यक्ती दुखण्याविषयी बोलणेच सोडून देते. वेदना बोलून दाखवणे हे खरोखर सब्रच्या विरुद्ध आहे काय?

या प्रश्नाकडे मी माझ्याच चुकीमुळे वळलो. आमच्या मशिदीतील एक वयोवृद्ध नमाजी दर जुम्याला मला गुडघ्याचे दुखणे सांगत. एकदा घाईत मी म्हणालो, "चाचा, सब्र करा." ते हसले आणि पुन्हा कधी त्याविषयी बोलले नाहीत. पुढे कित्येक महिने ते भिंतीच्या आधाराने कसेबसे सजद्यातून उठत राहिले. खुर्ची मागणे म्हणजे बेसब्री, असा अर्थ त्यांनी माझ्या शब्दांतून घेतला होता. त्यांच्या मुलाने हे सांगितले, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अंबियामध्ये हजरत अय्यूब (अ.) आपल्या पालनकर्त्याला हाक मारतात आणि आपल्याला झालेला त्रास स्पष्ट शब्दांत सांगतात. सूरह सादमध्ये अल्लाह त्याच अय्यूब (अ.) यांचा सब्र करणारे म्हणून गौरव करतो. मग माणसांपाशी सांगण्याचे काय? सहीह बुखारीत येते की हजरत आयेशा (रजि.) डोकेदुखीने कण्हल्या, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना गप्प केले नाही, उलट आपलेही डोके दुखत असल्याचे सांगितले. अल्लाहच्या निर्णयावर रुष्ट होणे वेगळे आणि आपल्या माणसाला अथवा डॉक्टरांना दुखणे सांगणे वेगळे.

सांधा बदललेल्या दर पाच जणांपैकी सुमारे एकाला दीर्घकाळ वेदना राहू शकते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. कधी कृत्रिम सांधा सैल होतो, कधी जंतुसंसर्ग होतो, कधी दुखण्याचे मूळ कंबरेत किंवा खुब्यात असते. रुग्ण गप्प राहिला तर कारण शोधणार कोण? शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिच्या रक्षणासाठी बोलणे हे कर्तव्यच होय.

नमाजच्या बाबतीतही दीन कठोर नाही. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले. तेव्हा रुग्णाने खुर्चीवर बसण्यात संकोच कशाला?

उपचारानंतरही काही वेदना उरते. तिच्यासह अल्लाहशी नाते टिकवणे हा रुग्णाचा सब्र. रोज तेच दुखणे न कंटाळता ऐकून घेणे हा आपल्या वाट्याचा सब्र. आपण मात्र आपला वाटाही रुग्णाच्याच माथी मारतो.

आता चाचा सफेच्या टोकाला खुर्चीवर बसतात. गुडघा अजूनही दुखतो. जुम्यानंतर मी त्यांच्याजवळ बसतो, विचारतो आणि ते सांगतात.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि आपल्याला ऐकून घेणारे हृदय देवो. आमीन.