मागचा बीम तसाच राहू दे

जळकोट, ता. तुळजापूर

चि. ताईस,


पोलोचा मागचा टॉर्शन बीम काढून तिथे दुसऱ्या गाडीचं मल्टिलिंक बसवावं का, असं तू विचारलंस. बसवू नकोस, हे माझं ठाम मत आहे. तुझी गाडी रोज पुण्यात कॉलेजला जाते, सणाला सोलापूर, नळदुर्ग करत इकडे घरी येते आणि वर्षाकाठी एखाद्या वेळी ट्रॅकवर उतरते. अशा गाडीला चाकणच्या कारखान्यातून जो बीम लागून आला तोच ठेवावा आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं नीट करून घ्यावं.

चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा. वीस फेऱ्या मारल्यास तर 74 किलोमीटर होतात. तिथवर पोचायला मात्र आपल्याच 65 नंबरच्या हायवेनं हैदराबाद गाठून पुढे उतरायचं. पुण्याहून जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या वर प्रवास. गाडी कशासाठी तयार करायची, ते या दोन आकड्यांकडे बघून ठरव.

बीम म्हणजे स्वस्तातलं सस्पेन्शन, असं तुझे मित्र म्हणतात. स्वस्त आहेच. पण 2019 मध्ये रेनॉच्या मेगान आरएस ट्रॉफी-आरनं जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची 20.6 किलोमीटरची फेरी 7 मिनिटं 40.1 सेकंदांत मारली आणि पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांमधला होंडा सिव्हिक टाइप-आरचा 2017 चा विक्रम मोडला. सिव्हिकची वेळ होती 7 मिनिटं 43.8 सेकंद. सिव्हिकला मागे मल्टिलिंक होतं, मेगानला बीम. रेनॉनं वजन घटवण्यासाठी मागची चाकं वळवणारी यंत्रणासुद्धा काढून टाकली होती.

मल्टिलिंकला मी नावं ठेवत नाही. मर्सिडीजनं 1982 मध्ये 190 या मॉडेलला मागे पाच दांड्यांचं मल्टिलिंक सस्पेन्शन दिलं आणि 1995 मध्ये पुण्यात जुळवलेल्या पहिल्या ई-क्लासमध्येही ते होतं. पण त्या गाड्या मागच्या चाकांनी चालतात. तिथे मागच्या चाकाला इंजिनाची ओढ, ब्रेक आणि वळणाचा जोर, तिन्ही एकदम पेलायचं असतं. तुझ्या गाडीत इंजिनाची ओढ पुढेच संपते. शिवाय मल्टिलिंकसाठी गाडीच्या तळाचा पत्रा कापून नव्या जागी वेल्डिंग करावं लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा मूळ बांधणीतल्या बदलाला आड येतं आणि अपघात झालाच तर विमा कंपनीही हात वर करेल.

आता बीम काम कसं करतो ते समजून घे. दोन हात चाकांना धरून मागे येतात आणि त्यांना जोडणारी पट्टी इंग्रजी व्ही किंवा यू आकाराची, एका बाजूनं उघडी असते. ती उघडी असते म्हणून पिळली जाते. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर पट्टी नुसती सोबत जाते. वळणावर गाडी कलली की एक चाक वर, एक खाली जातं आणि पट्टी पिळून त्या कलण्याला विरोध करते. म्हणजे अँटीरोल बारचं काम हा बीम स्वतःच करतो. याचं दुखणं एकच आहे: दोन हातांच्या टोकांना असलेले रबरी बुश. वळणावर आडवा जोर आला की बुश दबतात आणि अख्खा बीम किंचित फिरतो, म्हणजे मागची चाकं न सांगता वळतात. नव्या बुशमध्ये हे ध्यानात घेऊन रबराची ठेवण तिरकी केलेली असते. सुकलेल्या, चिरलेल्या बुशला ते साधत नाही. म्हणून पहिला पैसा बुशवर घाल, आणि कंपनीचे रबराचेच घाल. पॉलियुरेथेनचे कडक बुश इथे नकोत. या बुशला एकाच वेळी दोन-तीन दिशांनी हलावं लागतं, कडक बुश तिथे अडकून बसतो.

दुसरा पैसा शॉकअपवर. डिकी दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची गॅरेजमधली रीत फक्त पार मेलेला शॉकअप ओळखते, अर्धा थकलेला नाही.

मग स्प्रिंग. गाडी उंच-खाली होताना सेकंदाला किती हेलकावे घेते, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. रस्त्यावरच्या साध्या गाडीचे एक ते दीड, ट्रॅकवरच्या गाडीचे दोन किंवा त्याहून जास्त. समजा मागच्या एका चाकावर स्प्रिंगनं उचललेलं वजन 170 किलो आहे. दीड हेलकाव्यांसाठी चाकापाशी मिलिमीटरला साधारण दीड किलोचा जोर लागतो, दोन हेलकाव्यांसाठी पावणेतीन किलोचा. हेलकावे दुप्पट करायचे तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते. पोलोत स्प्रिंग चाकाच्या आत, हातावर बसते. म्हणून खुद्द स्प्रिंगचा आकडा यापेक्षा थोडा जास्त धरावा लागेल. मूळच्या स्प्रिंगपेक्षा वीस-पंचवीस टक्के कडक घे, त्याहून जास्त नको, आणि गाडी वीस मिलिमीटरपेक्षा खाली बसवू नकोस.

खाली बसवण्याबद्दल इतका आग्रह का धरतो ते सांगतो. चाकाला वर जायला जागा उरली नाही की भर वळणात बाहेरचं चाक बंप स्टॉपच्या रबराला टेकतं. त्या क्षणी मागची बाजू एकदम कितीतरी पट कडक होते आणि शेपूट सुटते. आणि आपल्या भागातले रस्ते तू विसरू नकोस. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखं होतं. लाटेवर पुढचं चाक आधी उचलतं, मागचं नंतर. ताशी 80 किलोमीटरला आणि अडीच मीटर चाकांतराला हा फरक सेकंदाच्या नवव्या भागाइतका. म्हणून मागचे हेलकावे पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवतात, मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डुलत राहत नाही. खाली बसवलेली, अति कडक गाडी अशा लाटेवर चाकच जमिनीवरून सोडते. गतिरोधकाचंही तेच. रस्त्यांच्या मानकात तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे. गावोगाव भेटतात ते त्याहून आखूड आणि उंच.

जादा अँटीरोल बार सगळ्यात शेवटी. तू लिहिलंस की वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जातं ते गाडीच्या उंचीवर, रुंदीवर आणि वेगावर ठरतं, बारवर नाही. बार फक्त वाटणी बदलतो. मागे कडकपणा वाढवला की त्यातला मोठा वाटा मागचं टोक घेतं, पुढचे टायर हलके होतात आणि नाक आत येतं. कोरड्या ट्रॅकवर हे फार सुख देतं. पण ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेला काळा चिखल हायवेवर पसरलेला असतो, वरून एखादी अवकाळी सर पडते, आणि तू दचकून ॲक्सिलरेटर सोडतेस. त्या वेळी तीच गाडी मागून फिरते. म्हणून बार बसवायचाच तर बारीक बसव, पहिली चाचणी ट्रॅकवर कर आणि घरी निघण्याआधी काढून ठेव.

तुझ्या मित्राच्या पद्मिनी गाडीला वेगळा नियम. तिला मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. पाटे वळणात आडवे सरकतात, म्हणून त्यानं ॲक्सल धरून ठेवणारा आडवा पॅनहार्ड रॉड बसवावा, जमेल तेवढा लांब. 900 मिलिमीटरचा रॉड चाक 50 मिलिमीटर वर गेल्यावर ॲक्सलला जेमतेम दीड मिलिमीटर बाजूला ओढतो. जेम्स वॉटनं 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढलेली जोडणी तेवढंही सरकू देत नाही, पण तिच्या खटपटीची त्याला गरज नाही.

अलाइनमेंट करताना मागच्या टो-इनचा, म्हणजे चाकं पुढून किती आत वळली आहेत त्याचा, कागद मागून घे. पोलोत मागे टो फिरवायचा बोल्ट नसतो. बीम आणि स्टब ॲक्सलच्या मध्ये पातळ शिम घालावी लागते, आणि ते करायचं पुष्कळ दुकानं टाळतात. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरव. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरखरीत लागलं, तर टो बिघडला आहे.

दिवाळीला येशील तेव्हा टाकी अर्धी ठेव आणि डिकी रिकामी. इथल्या वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं चढवू. तोवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची मोजून कळव. नवी स्प्रिंग त्याआधी घेऊ नकोस.

तुझा,
काका