आव्यातला वायू

प्राचीन काळी तगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना पूज्य ठरलेल्या तेर येथे सातवाहनकालीन काळी-तांबडी भांडी सापडली असून, त्यांचा काळा रंग हा आव्यात, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीत, कोंडलेल्या आचेचा परिणाम आहे. हवा अपुरी पडली की जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो आणि तो मातीतील लोहाच्या संयुगातला प्राणवायू ओढून घेतो, त्यामुळे तांबडी माती काळवंडते. काजळीही तिच्यात मुरते. कुंभाराच्या कलेला वरदान ठरलेला हाच वायू श्वासावाटे शरीरात गेला, तर हिमोग्लोबिनला, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या लोहयुक्त प्रथिनाला, प्राणवायूच्या तुलनेत 200हून अधिक पट घट्ट चिकटतो. मग डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावू शकतो. या वायूला रंग नाही, वासही नाही, आणि हीच त्याची सर्वांत घातक बाजू होय. जळणात पीव्हीसी प्लास्टिक असेल, तर ते जळताना फुप्फुसे पोळणारा हायड्रोजन क्लोराइडही बाहेर पडतो. म्हणून थंडीच्या रात्री बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कोणीही झोपू नये आणि चुलीत प्लास्टिक घालू नये.