लावणीत राहून गेलेले : काही शंका आणि त्यांचे समाधान

रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडात दमछाकीचे दिवस मेअखेरीस सुरू होतात आणि श्रावण लागेपर्यंत सरत नाहीत. एक 6 जूनचा, तारखेने होणारा राज्याभिषेक सोहळा. दुसरा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, तिथीने होणारा. पाठोपाठ ज्येष्ठ वद्य नवमीची जिजाबाईंची पुण्यतिथी. गडावर चढणाऱ्या गर्दीसाठी भाकऱ्या, पिठले, ताक, मुक्कामाची सोय यांत घरातले लहानथोर राबतात. तेवढ्यात मृग लागतो. राबावर पेरलेले भाताचे आवण वीतभर झाले की चिखलणी आणि लावणी कोणासाठी थांबत नाही. 2026 सारख्या वर्षी अधिक ज्येष्ठामुळे तिथीचा सोहळा जूनअखेरीस ढकलला जातो आणि दोन्ही कामे एकमेकांच्या अंगावर येतात. याच काळात पूजा, उपास, श्राद्ध, भेटीगाठी, शेजाऱ्याचे देणे असे रोजच्या जगण्यातले बरेच काही मागे पडते. पाऊस उघडीप देतो, अंगातला शिणवटा जरा ओसरतो आणि मग मनात शंका उभ्या राहतात. ठरलेली वेळ टळण्याला धर्मशास्त्रात कालातिक्रम म्हणतात, आणि त्याचा विचार शास्त्रकारांनी पुष्कळ बारकाईने केला आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘धर्मसिंधु’ हा महाराष्ट्रात आजही निर्णयासाठी उघडला जाणारा ग्रंथ. त्याचा मोठा भाग केव्हा करावे आणि वेळ चुकल्यास काय करावे, यातच खर्ची पडला आहे.

शंका : लावणीच्या धांदलीत आठ दिवस देव्हाऱ्यातली पूजा झाली नाही. आठ दिवसांची पूजा एकदम करून भरून काढावी काय?

समाधान : नाही. रोजची पूजा हे नित्यकर्म आहे आणि नित्यकर्माची थकबाकी साचत नाही. त्या दिवसाचे कर्म त्या दिवसाबरोबर जाते. संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून एक जादा अर्घ्य द्यावे, असे सांगितले आहे. राहिलेल्या सगळ्या संध्या मोजून पुन्हा करा, असे नाही. त्याच न्यायाने नवव्या दिवशी देव उजळून नेहमीची पूजा करावी, इतकेच.

खरे तर पूजा आठ दिवस पूर्ण बंद पडण्याचे कारणही नसते. षोडशोपचार जमत नसतील तेथे गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य ही पंचोपचार पूजा पुरते. तीही जमत नसेल तर पाणी आणि दिवा. घरातल्या कोणीही ती करावी. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापून शेतावर गेलेल्या बाईनेच संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन दिवा लावला पाहिजे, असे कोणत्याही ग्रंथात नाही. ही सवय आहे, आणि ती घरातल्या पुरुषांच्या सोयीची आहे. शाळेतून आलेल्या मुलाने लावलेला दिवा देवाला तेवढाच चालतो.

शंका : आषाढी एकादशी नेमकी लावणीत येते. माळकरी असूनही दिवसभर वाकून काम करताना निरंकार उपास निभत नाही. उपास मोडला तर दोष लागतो काय?

समाधान : उपासाचे प्रकार शास्त्रानेच पायरीपायरीने सांगितले आहेत. निर्जळ, नुसत्या पाण्यावर, दूध-फळांवर, एकदाच हविष्यान्न खाऊन, किंवा दिवस मावळल्यावर एकवेळ जेवून, म्हणजे नक्त. ज्याला वरची पायरी झेपत नाही त्याने खालची धरावी. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असाही स्पष्ट निर्वाळा आहे. लहान मुले, अतिवृद्ध आणि आजारी माणसे यांना मुळातच सवलत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर हट्ट धरूच नये. महाड-पोलादपूरच्या वरकस उतारांवर पिकणारी वरी उपासाला चालते, ही या भागाची सोयच म्हणायची. बांधावर बसून वरीचा भात आणि उकडलेले रताळे खाल्ले तर एकादशी मोडत नाही. आणखी एक वाट आहे : व्रत प्रतिनिधीकरवीही होते. नवऱ्यासाठी बायको, बायकोसाठी नवरा, आईबापांसाठी मुलगा उपास करू शकतो. घरी असलेल्या सासऱ्याने शेतावरच्या सुनेसाठी एकादशी धरणे याच न्यायात बसते. प्रत्यक्षात उलटेच घडताना जास्त दिसते, ही गोष्ट वेगळी.

शंका : त्याच कारणाने आषाढीची वारी चुकते. मग वारकरी म्हणवून घ्यावे काय?

समाधान : कोकणातल्या वारकऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. देशावर आषाढात पेरण्या उरकलेल्या असतात, कोकणात तेव्हाच चिखलात उभे राहायचे असते. म्हणून कोकणी दिंड्यांचा ओढा कार्तिकीकडे. भात कापून झोडून झाले की माणूस मोकळा होतो. संप्रदायाने आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या मानल्या आहेत. कार्तिकीला पंढरपुरी गेलेल्या वारकऱ्याला उणा कोणी समजत नाही.

शंका : वडिलांच्या वार्षिक श्राद्धाची तिथी आषाढात येते. यंदा ती निघून गेली. पुढे काय करावे?

समाधान : श्राद्ध नित्यपूजेसारखे सुटत नाही, पण त्याला पुढची तिथी मिळते. चुकलेले श्राद्ध येणाऱ्या वद्य एकादशीला किंवा अमावास्येला करावे, असा निर्णय आहे. सुतकामुळे अडले असेल तर सुतक फिटताच करावे. भाद्रपदातल्या पितृपक्षातले महालय श्राद्ध निराळे. त्यातली तिथीही हुकली तर सर्वपित्री अमावास्या आहे, आणि तीही साधली नाही तर सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, मुभा आहे. ही मुभा इतकी लांब का, याचे कारण शेतकऱ्याला सांगावे लागत नाही : हळवे भात तयार होण्याचा आणि कापणीचा हाच हंगाम. ज्याला पिंडदानाचा विधी जमत नाही त्याने शिधा द्यावा. तेही न जमले तर पितरांच्या नावाने गाईला गवत घालावे, इथपर्यंत शास्त्र खाली उतरले आहे. उरकायचे म्हणून मात्र दोन वर्षांची श्राद्धे एका दिवसात गुंडाळण्याला आधार नाही.

शंका : मुंज, लग्न यांसारखे संस्कार वेळेवर झाले नाहीत तर वय उलटल्यावर ते करता येतात काय?

समाधान : याचे सर्वांत मोठे उदाहरण पाचाडच्या डोक्यावरच घडले. शिवाजीमहाराजांचा जन्म 1630 चा. क्षत्रियाची मुंज फार तर बाविसाव्या वर्षापर्यंत व्हावी, नंतर तो व्रात्य समजावा, असा स्मृतींचा दंडक. महाराजांची ऐन उमेदीची वर्षे स्वाऱ्यांत, तहांत आणि किल्ले बांधण्यात गेली आणि 1674 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, राज्याभिषेकाचा प्रश्न आला तेव्हा मुंज झालेली नव्हती. संस्कार लोपला म्हणून अभिषेकच होणार नाही, असा आक्षेप होता. काशीहून आलेल्या गागाभट्टांनी त्यातून वाट काढली. आधी व्रात्यत्वाचे प्रायश्चित्त, मग मुंज, मग असलेल्या राण्यांशीच मंत्रपूर्वक पुन्हा विवाह. आणि हे सारे झाल्यावर 6 जून 1674 रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, अभिषेक.

या क्रमात एक बारकावा आहे. राहिलेला संस्कार पुढच्या संस्काराच्या पोटात दडपून टाकला नाही. आधी वेळ टळल्याची कबुली, मग मूळ कर्म, त्यानंतर पुढचे. साध्या घरालाही हाच क्रम लागू आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मुंज उरकण्याची आजची पद्धत पाहून नाके मुरडणाऱ्यांनी रायगडावरचा तो आठवडा आठवावा.

अभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जूनला, जिजाबाई पाचाडच्या वाड्यात वारल्या. सोहळ्याची दगदग ओसरते न ओसरते तोच सुतक आले. त्यांची समाधी आज गावातच आहे.

शंका : घरचा गणपती सुतकामुळे किंवा कामाच्या ताणामुळे चतुर्थीला आणता आला नाही. दुसऱ्या दिवशी आणावा काय?

समाधान : पार्थिव गणेशाचे व्रत भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे आहे. ती गेली की त्या वर्षापुरते व्रत सुटले. एक वर्ष खंड पडल्याने देव कोपतो, ही केवळ भीती. पण रायगड जिल्ह्यात एक लोकरीत रुजली आहे आणि ती मोडीत काढण्याचे कारण नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला, म्हणजे साखरचौथीला, अनेक घरांत गणपती येतो. पेणसारख्या ठिकाणी वर्षभर दुसऱ्यांचे गणपती घडवणारे कारागीर चतुर्थीला कामातून मान वर काढू शकत नाहीत. त्यांच्या घरचा गणपती या दिवशी बसतो. पोथीत शोधून सापडेल न सापडेल, पण कामकरी माणसाने देवाशी केलेली ही तडजोड मोठी देखणी आहे.

शंका : कुलदेवतेच्या दर्शनाला तीन वर्षांत जाता आले नाही.

समाधान : कुलदेवतेचे टाक देव्हाऱ्यात असतात ते याचसाठी. तुळजापूर आदिलशाही मुलखात, जाणे-येणे जोखमीचे, म्हणून महाराजांनी भवानीची स्थापना पोलादपूरच्या वरच्या अंगाला प्रतापगडावर केली आणि राज्याभिषेकापूर्वी दर्शनाला ते तेथेच गेले. सवड झाली की मूळ ठाण्याला जावे. फक्त बोललेला नवस याला अपवाद : तो स्वतःहून दिलेला शब्द आहे, तो लांबला तरी फेडायचा असतो.

शंका : बौद्ध आणि मुसलमान घरांतही हीच अडचण येते. तेथे रीत काय?

समाधान : इस्लाममध्ये हा हिशेब सर्वांत काटेकोर आहे. आजारी किंवा प्रवासी माणसाने रमजानचे सुटलेले रोजे पुढे तितकेच दिवस मोजून धरावेत, असा कुराणातल्या सुरा बकराचा आदेश आहे. सुटलेल्या नमाजाचीही कजा अदा केली जाते. महाडच्या कोकणी मुसलमान घरांत वर्षभर अधूनमधून कोणी ना कोणी असे रोजे पुरे करत असते. नित्यकर्माची थकबाकी नसते, हे वर सांगितलेले तत्त्व येथे लागू नाही, हे ध्यानात घ्यावे.

बौद्ध वस्त्यांतून आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. लावणीमुळे सुरुवातीचे दिवस हुकले तर दोष किंवा प्रायश्चित्त अशी कल्पनाच नाही. तो भाग घरी वाचावा, न समजलेले विहारात विचारावे. वर्षावासाची प्रथाही शेताशी जोडलेली आहे. पावसात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळी हिरवळ तुडवली जाते, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला. लावणी करणाऱ्याची अडचण या नियमाला परकी नाही.

शंका : शेजारच्या घरातली दोन माणसे सावडीने दोन दिवस लावणीला आली. पाहुण्यांच्या जेवणाखाण्याच्या धंद्यामुळे त्यांच्या लावणीला मात्र कोणी जाऊ शकले नाही. मजुरी चुकती केली तर चालेल काय?

समाधान : येथे देवाधर्माच्या सवलती संपतात. पूजेला पंचोपचार आहेत, उपासाला प्रतिनिधी आहे, श्राद्धाला अमावास्या आहे. माणसाच्या देण्याला अशी आपोआप मिळणारी सूट नाही. सूट द्यायची ती ज्याचे देणे आहे त्याने. सावड म्हणजे श्रमाला श्रम, माणसाला माणूस, दिवसाला दिवस. न विचारता पैसे हातावर ठेवणे म्हणजे शेजाऱ्याला मजूर ठरवणे, आणि खेड्यात हे वर्षानुवर्षे विसरले जात नाही. आधी जाऊन चूक कबूल करावी, मग काय हवे ते विचारावे. लावणी चुकली तरी कापणी आणि झोडणी बाकी असते. तेव्हा चार दिवस द्यावेत, दोन नव्हेत. शेजाऱ्याने स्वतः रोकड मागितली तर खुशाल द्यावी, आणि ती चालू मजुरीच्या दराने द्यावी. गडाखालच्या गावांत पर्यटनाचा पैसा आल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. ज्या घरात खानावळ आहे त्याला मजूर परवडतो, शेजारच्याला सावडीवाचून गत नाही. म्हणून अडचण दोघांची असली तरी ओझे खानावळवाल्याने जास्त उचलावे.

ग्रामदेवतेच्या दिव्याची पाळीही याच वर्गातली. ती देवाची दिसते, पण वाटून दिलेली गावकीने. पाळी बदलून घ्यायची तर आधी सांगून घ्यावी. दिवा न लागल्याचे दुसऱ्या दिवशी कळले तर गावकी दंड करते, आणि तो योग्यच आहे.

शंका : नात्यात मयत झाले, पण दहा दिवसांत भेटायला जाता आले नाही. उत्तरकार्यही चुकले. आता उशिरा जाणे बरे दिसेल काय?

समाधान : जावे. दहाव्याला, तेराव्याला आणि कीर्तनाला घरात माणूस मावत नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी परतले की घर एकदम रिकामे होते. महिना उलटल्यावर आलेला माणूस त्या घराला अधिक लागतो. फोनवर चार शब्द बोलणे झाले असेल तरी ते भेटीच्या जागी धरू नये. अमावास्या किंवा अमुक वार टाळण्याची रीत घरोघरी वेगळी, ती त्या घराच्या मनाप्रमाणे पाळावी. गेल्यावर आपल्याकडच्या लावणीची आणि गर्दीची कैफियत मांडू नये. ते सगळ्यांना ठाऊक असते. गेलेल्या माणसाचे शेवटचे दिवस कसे गेले ते विचारावे आणि सांगणाऱ्याला पुरते सांगू द्यावे. त्या घरचा चोंढा लावायचा राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी दोन माणसे आणि इरली घेऊन पुन्हा जावे.