दरारा आणि हसू

समुद्रकाठच्या खडकावर उभा राहून ‘मुंबईचा राजा कोण’ असे विचारणारा ‘सत्या’तील भिकू म्हात्रे १९९८ साली पडद्यावर आला. मनोज बाजपेयीने रंगविलेल्या त्या गुंडाची विडंबने आजही मोबाईलवर हातोहात फिरतात. त्याच आवेशात कुणी गार झालेल्या चहाबद्दल गर्जतो, आणि परमुलखात बदलून आलेले आम्ही कारकून दुपारच्या सुट्टीत पोट धरून हसतो.

हे हसू कशाचे? गर्जना मोठी आणि कारण क्षुल्लक, ही विसंगती तर खरीच. परंतु आमचा साधा कागदही चार टेबले फिरल्यावाचून हलत नाही. त्याचा शब्द मात्र उच्चारताच पाळला जातो. विडंबनाच्या आडून ती सत्ता आम्ही क्षणभर अंगावर घालून पाहतो. आणि हसत असल्यामुळे तिची लाजही वाटत नाही.

परवा आमच्यातील एक गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या दुकानाने एके काळी हप्ता भरला होता.

ब्रेख्तने १९४१ साली हिटलरला शिकागोच्या भाजीबाजारातील गुंड बनवून ‘आर्तुरो उई’चे नाटक लिहिले. तेथील हसू दहशतीला खाली खेचते. आमच्या हशात गुंड लाडका होतो आणि दुकानदार दिसेनासा होतो.

विडंबन त्याज्य नव्हे. मात्र हसून झाल्यावर आपली भीती कमी झाली की करुणा, एवढे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. आम्ही विचारले, उत्तर अभिमानास्पद नव्हते.