संगणकाची पुनर्रचना आणि गृहस्थाचा विवेक

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष असे चार शब्द योजिले आहेत. मागाहून येणारे परिणाम, होणारा नाश, दुसऱ्यास होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांकडे डोळेझाक करून मनुष्य मोहाने ज्याला हात घालतो, ते कर्म या कोटीत पडते. हे लक्षण यज्ञ, दान, युद्ध अशा मोठ्या कर्मांपुरतेच आहे असे समजू नये. घरातील संगणकाचे जुने भाग काढून त्याची नवी जुळणी करणे आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र चालविणारी मूळ प्रणाली, पुन्हा घालणे हेही कर्मच आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना असलेले यंत्र लागते. यामुळे हा प्रसंग पुष्कळ घरांत आला आहे.

येथे एखादा चतुर वक्ता म्हणतो की, यंत्र हा देह आणि प्रणाली हा आत्मा. दृष्टान्त गोड आहे, पण शास्त्राला धरून नाही. तेराव्या अध्यायात मन, बुद्धी व अहंकार यांचीही गणना क्षेत्रातच केलेली आहे. मग जी बिघडते, पुसली जाते आणि बाजारात विकत मिळते, ती प्रणाली क्षेत्राच्या बाहेर कशी राहील? असो.

अनुबंधाचा विचार फार कठीण नाही. मदरबोर्ड बदलला की प्रणाली त्या यंत्रास परके समजते आणि परवान्याची विचारणा करते. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. यंत्राबरोबर आलेला बहुधा त्या यंत्रापाशीच राहतो. हे आधी पाहून ठेवावे. प्रणाली ज्या पेन-ड्राइव्हवर उतरवावयाची तो निदान ८ जीबीचा असावा, आणि त्यावरील पूर्वीचे सर्व पुसले जाते हे ध्यानात धरावे.

खरा प्रश्न क्षयाचा आहे. प्रणाली घालताना पडद्यावर डिस्कचे विभाग मुख्यतः क्रमांक व आकार यांनी दिसतात. कोणत्या विभागात मुलीच्या विवाहाची छायाचित्रे आहेत आणि कोणत्यात जमिनीच्या कागदांच्या प्रती आहेत, हे तेथे लिहिलेले नसते. सारख्या आकाराच्या दोन डिस्क असल्या तर जाणताही फसतो. म्हणून जाणकार लोक प्रणालीसाठीची एक डिस्क ठेवून बाकीच्यांच्या तारा आधीच काढतात. ज्याला एवढे पौरुष नाही, त्याने जाणत्याला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

एका घरी मुलाने वडिलांच्या पश्चात त्यांचा संगणक नव्याने जुळविला. जुनी डिस्क जोडताच पडद्यावर ४८ अंकांची किल्ली मागितली गेली. ती डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, आणि ते कुलूप आपोआप उघडणारे टीपीएम जुन्या मदरबोर्डाबरोबरच निघून गेले होते. मुलगा म्हणाला, “ही आता उघडत नाही. पुसून तिच्यावरच नवी प्रणाली घालतो.” आई दारात उभी होती. ती म्हणाली, “अरे, ह्यांनी म्हटलेला पंधरावा अध्याय त्यात आहे ना?” वडील रोज भोजनापूर्वी तो अध्याय म्हणत, एकदा मुलानेच तो ध्वनिमुद्रित केला होता. मुलगा उत्तरला, “आई, बाबाच राहिले नाहीत. आवाजाचा मोह किती धरायचा?”

हे बोलणे वैराग्याचे वाटते, पण वैराग्य नव्हे. वैराग्य आपल्या वस्तूविषयी असते. घरातला संगणक एकाच्या हाती असला तरी त्यातील संचय साऱ्या कुटुंबाचा असतो. त्यात आईची ठेव आहे, बहिणीची आहे, उद्या जन्मणाऱ्या नातवंडांचीही आहे. दुसऱ्याची ठेव पुसून स्वतःस विरक्त म्हणविणे ही हिंसाच होय, मग त्यात रक्ताचा थेंबही न सांडो. शिवाय येथे मोह कोणाला होता? आईला आवाज हवा होता. मुलाला नवे यंत्र आजच्या आज चालू झालेले पाहावयाचे होते.

सुदैवाने मुलगा विचारी होता. त्याने हात थांबविला आणि वडिलांचे कपाट उघडले. वडील टापटिपीचे गृहस्थ. विम्याच्या कागदांच्या फाईलीत एक छापील पान होते, त्यावर सहा-सहा अंकांचे आठ गट. आईने एकेक गट वाचून दाखविला, मुलाने तो टंकिला. डिस्क उघडली. दोघांनी मिळून त्यातील सर्व संचय दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरविला, आणि उतरलेल्या प्रती उघडून पाहिल्या. त्यात सबंध संध्याकाळ गेली. मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली. नव्या डिस्कवर प्रणाली घालण्यास त्यानंतर अर्धा तासही लागला नाही.