वाद्याचा धनी

पैसे मोजले की वाद्याची मालकी मिळते. पण तेवढ्याने माणूस वाद्याचा धनी होतो का? सतार-सारंगीच्या बाबतीत आपण चटकन ‘नाही’ म्हणू. विजेवरच्या जुन्या सिंथेसायझरलाही हाच न्याय लावावा, असे मला वाटते.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक असलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. यांतले ३०३ बास गिटारवाल्याची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेले. ते काम त्याला जमले नाही, आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची सोय सिंग यांनी मींडेसाठी वापरली. तबकडी खपली नाही. पुढे स्वस्तात मिळणारे तेच यंत्र घेऊन शिकागोच्या तरुणांनी १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ केले आणि नवे नृत्यसंगीत उभे राहिले. सिंग यांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले. २०१५ मध्ये ते वारले. आज हीच यंत्रे लाखांत विकली जातात.

लाख मोजणारा नेमके काय घेतो? या यंत्रांत आवाज विजेच्या दाबातून घडतो. केरसी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात आणलेला मिनीमूग घ्या. थंड असला की सूर हलतो. आधी तापू द्यावा लागतो. त्याला स्मरणशक्ती नाही. काल सापडलेला आवाज आज हवा असेल, तर बटणे कुठवर फिरवली होती ते कागदावर टिपून ठेवावे लागते. थोडक्यात, खोडीही मालासोबतच येतात.

म्हणून काचेच्या कपाटात ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्याविषयी मला आदर वाटत नाही. त्याच्याकडे वाद्य नाही, सोन्याचे बिस्कीट आहे. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून जपून वाजवणाऱ्याची गोष्ट वेगळी. अमानत म्हणजे हात न लावता सांभाळायची ठेव, असे आपण शिकलो. ही अमानत मात्र उलटी आहे. हात लावला नाही तर बटणे गंजतात, कपॅसिटर सुकतात.

आणि दुरुस्ती? आम्हा महाळुंग्याच्या लोकांना ‘रिजेक्शन’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. माप केसभर चुकले की भाग लाल पेटीत जातो. ८०८ ची सुरसुर मात्र अशाच लाल पेटीतली. रोलँडचे संस्थापक काकेहाशी यांनीच सांगितले आहे, की त्यासाठी सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते. तिथे निर्दोष भाग बसवणारा कारागीर प्रामाणिकच असतो, तरी वाद्य बिघडवतो. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, तसा सदोष माल मिळेना. १९८३ मध्ये ८०८ बनायचेच थांबले.