सेवेकऱ्याची झोळी

दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह बसला की श्रीगुरुचरित्राचा दुसरा अध्याय कानी पडतोच. गोदातीरी वेदधर्म नावाचे मुनी होते. उरलेलं पाप काशीत जाऊन देहानेच भोगून संपवायचं, असं त्यांनी ठरवलं. कुष्ठ, अंधत्व, पांगळेपण, आणि तेही 21 वर्षं. शिष्यांना त्यांनी विचारलं, या काळात माझी सेवा कोण करील? एकटा दीपक उठला. त्याने गुरूंच्या जखमा धुतल्या, दारोदार भिक्षा मागितली, वर गुरूंचे कठोर बोल सोसले. साक्षात विश्वनाथ वर द्यायला आले, तरी गुरूंना विचारल्यावाचून त्याने तो घेतला नाही.

ही कथा ऐकताना आपण दीपकाच्या निष्ठेपुढे हात जोडतो. जोडावेतच. पण आपल्याच आळीत, आपल्याच घरात असा एखादा दीपक आज असतो, त्याचं काय? आमच्या मंदिरात गुरुवारच्या आरतीला नेमाने येणारी काही माणसं एकेक करून यायची थांबली. चौकशी केली की उत्तर ठरलेलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. यजमानांना अर्धांगवायू झालाय. आई काही ओळखत नाही, दार उघडं दिसलं की बाहेर पडते. "मग कुणाची मदत घ्या की," म्हटलं तर बहुतेक जण मान हलवतात. "नको, आपली सेवा आपणच करायची." म्हणून प्रश्न पडतो : मदत मागितली तर सेवा उणी होते का?

मला उत्तर त्याच अध्यायात दिसतं. दीपकाला होकार देण्याआधी गुरू त्याला बजावतात की रोग्यापेक्षा त्याची सेवा करणाऱ्याला कष्ट अधिक होतात. केवढी मोठी गोष्ट ही! सेवेकऱ्याचे कष्ट गुरूंनी आधीच ओळखले, बोलून दाखवले. आपल्या घरात मात्र सून रात्रीतून चार वेळा उठली तर ते "कर्तव्यच" ठरतं, आणि सकाळी चहाला उशीर झाला की तेवढा मात्र दिसतो.

दुसरं म्हणजे, वेदधर्मांनी विचारलं होतं. दीपकाने होय म्हटलं होतं, आणि किती वर्षांचं काम आहे हे त्याला ठाऊक होतं. घरातल्या माणसाला कोण विचारतं? जो जवळ राहतो, जिची नोकरी कमी पगाराची, जिचं लग्न झालेलं नाही, तिच्या गळ्यात ते आपोआप पडतं. मुदतही कुणी सांगू शकत नाही. न विचारता लादलेल्या कामाला नुसतं "सेवा" म्हटलं म्हणजे बाकीचे सुटले, असं होत नाही.

आणि तिसरं, जे आपण ऐकून सोडून देतो. दीपक झोळी घेऊन काशीत फिरत होता. त्या झोळीत कोणी तरी भाकरी घातली, भात घातला, म्हणून 21 वर्षं निभावली. त्या गृहस्थांची नावं पोथीत नाहीत. पण "हा कोणाच्या पापाचा भोग?" असं विचारत बसले असते, तर ती सेवा आठवडाभरही टिकली नसती. आपण मात्र "भोग असतात एकेकाचे" म्हणतो आणि पायऱ्या उतरतो. ज्यांना आपण भजतो ते दत्तमहाराज स्वतः रोज कोल्हापुरी भिक्षेला येतात, अशी आपली श्रद्धा आहे. झोळी पसरण्यात कमीपणा असता तर महाराजांनी ती खांद्याला लावली असती का?

तेव्हा सेवेकऱ्याने मागावं. मागताना नेमकं मागावं. "मला होत नाही" म्हटलं की समोरचा हळहळतो आणि निघून जातो. "मंगळवारी 4 ते 6 आईपाशी बसशील का?" म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. एक वही करावी. औषधं कोणती, किती वाजता, डॉक्टरांचा नंबर, काय खातात, चिडले तर कशाने शांत होतात, सगळं त्यात असावं. म्हणजे दुसऱ्याला निर्धास्त बसता येतं. परगावच्या, परदेशातल्या भावंडांशी एकदा स्पष्ट बोलावं. ज्याला येणं जमत नाही त्याने रात्रीच्या आयाचे पैसे द्यावेत, आणि वर्षातून पंधरा दिवस येऊन घरच्या माणसाला सुट्टी द्यावी. रोज फोनवर सूचना देणं ही मदत नव्हे.

काही गोष्टी हातानेच शिकायच्या असतात. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. भरवताना नीट उठवून बसवावं आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करू नये, ठसका लागून अन्न छातीत जाण्याचा धोका असतो. सरकवताना काखेत धरून ओढू नये. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी धरावी, आणि कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकावं. सेवेकऱ्याची कंबर गेली तर घरात दोन रुग्ण होतात. कमोडची खुर्ची, वॉकर, चाकाची खुर्ची लगेच विकत घ्यायला नको. अनेक गावांत संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन देतात. ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी करावी. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे. आणि सेवा करणाऱ्याचंच मन भरून आलं, राग अनावर झाला, झोप उडाली, तर टेली मानसचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो, त्याला पैसे पडत नाहीत. राग येणं हे पाप नाही. दीपकाला गुरूंचे बोल ही परीक्षा होती. स्मृती गेलेल्या आईचे शिव्याशाप हा तिचा आजार आहे, ते मनाला लावून घेऊ नयेत.

आता थोडं आपल्या वयाच्या मंडळींशी. उद्या अंथरुणावर आपण असणार. तेव्हा "परक्या बाईच्या हातचं नको, सूनच पाहिजे" असा हट्ट आपण धरणार का? तो हट्ट म्हणजे प्रेम नव्हे, दुसऱ्याच्या आयुष्यावर टाकलेलं ओझं आहे. आजच घरच्यांना सांगून ठेवावं की आया ठेवा, थोडे दिवस शुश्रूषा केंद्रात ठेवायची वेळ आली तर ठेवा, मला राग नाही. असा शब्द देऊन ठेवणं हाही एक आशीर्वादच. मुलांनी टाकूनच दिलं तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. पण जे करत आहेत त्यांना मोकळीक देण्याचा कायदा आपणच घरात करायचा असतो.

मंदिरालाही यात वाटा उचलता येईल. केरळात कोझिकोडला 1993 साली वेदनाशमनाचं काम सुरू झालं, आणि पुढे त्यातून शेजारपाजारची साधी माणसं शिकून रुग्णांच्या घरी जाऊ लागली, आठवड्यातले काही तास देऊ लागली. ते काही सगळे डॉक्टर नव्हते. आपल्या सेवेकऱ्यांची यादी उत्सवात किती मोठी असते! पालखीला, महाप्रसादाला, चपला सांभाळायलाही माणसं असतात. त्यातल्याच दोघा-दोघांनी वर्षभर एकेका घराकडे पाहिलं तर कितीतरी दारं उघडतील. प्रसाद घेऊन जावं, "काही लागलं तर सांगा" म्हणू नये, बसकण मारावी आणि म्हणावं, "वहिनी, मी दोन तास इथे आहे. तुम्ही आरतीला जाऊन या."

दीपकाची निष्ठा सगळ्यांना जमेल असं नाही. पण त्याच्या झोळीत मूठभर घालणं आपल्या प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥